कात्रीचं वजन किती असतं, दादा?

दादा, तुमची कमेंट तीनदा वाचली. आधी राग आला, मग चहा घेतला, मग परत वाचली. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलेलं की आमच्या भागात राबते बाई आणि शेतकरी म्हणवतो बाप्या, त्यावर तुमचं म्हणणं असं की जड काम गडी करतो, हलकं बाई करते, वाटणी ताकदीवरनं पडलीय, धनगराच्या घरात तर बाईचाच कारभार असतो, आणि शहरात बसून आमच्या घरात भांडणं लावू नका.

शहरात नाही हो मी. माहेर म्हसवडजवळ, सासर तासगाव तालुक्यात, आणि हे टाईप करताना दोनदा लाईट गेलीय.

एक मान्य. 'बाप्ये पारावर बसतात' हे मागच्या पोस्टमध्ये मी उगाच ठोकून दिलेलं. शेतीपंपाची लाईट रात्रीची असली की थंडीत पाणी धरायला माझा नवराच जातो, मी गोधडीत असते. ते वाक्य काढते.

पण ताकदीचं काय पटत नाही. द्राक्षबागेत बघा की. ऑक्टोबर छाटणीला कात्री गड्याच्या हातात, 'त्यात डोकं लागतं' म्हणून मजुरीपण जास्त. कात्रीचं वजन किती असतं दादा? मणी विरळायला, घड औषधात बुडवायच्या डिपिंगला मात्र बायका, हात वर करून मान अवघडेपर्यंत, आणि सुट्टी झाली की घरी जाताना डोक्यावर वैरणीचा भारा. तो भारा कुठल्या हिशोबात हलका, ते सांगा.

दुधाचं तर घरातलंच सांगते. आमची म्हस आईशिवाय कुणाला धार काढू द्यायची नाही. आई एकदा चार दिवस मावशीकडं गेली तर म्हस पान्हाच सोडेना, शेवटी वडील आईचं लुगडं पांघरून धारेला बसले, आम्ही पोरं भिंतीआड हसून हसून बेजार. तेव्हापण डेअरीचं खातं वडिलांच्याच नावावर होतं बरं का, दहा दिवसांचं बिल त्यांच्याच खिशात. आता भावानं जर्सी गाया घेतल्यात, धारेचं मशीन आणलंय, आणि धार काढणं एकदम गड्याचं काम झालं! शेण मात्र अजून वहिनीच काढते, त्याचं मशीन आलं नाही ना. माझं म्हणणं एवढंच, कामात मशीन नाहीतर पैसा शिरला की ते बाप्याचं होतं, वजनाचा काही संबंध नाही.

धनगरांचं तुम्ही अर्धं बरोबर बोललात. दिवाळीनंतर फलटण-माणकडचे वाडे, म्हणजे धनगरांचे तांडे, घाट उतरून कोकणात जातात तेव्हा गडी मेंढरांमागं, आणि घोड्यावर बिऱ्हाड लादून पुढच्या तळावर जाणं, चूल मांडणं, पाणी, कोकरं, लंगडी मेंढी, सगळं बाईवर. कारभार तिचाच. पण बकरं विकायची वेळ आली की व्यापारी कुणाशी बोलतो? आणि खतासाठी मेंढरं कुणाच्या रानात बसवायची, त्याच्या बदल्यात धान्य किती घ्यायचं, हे कोण ठरवतं?

बायकांना व्यवहार कळत नाही हे तुमचं वाक्य मी सोडणारच होते, पण म्हसवडची आहे म्हणून सांगते. आमच्या इथल्या बायकांच्या माणदेशी बँकेचं लायसन रिझर्व्ह बँकेनं आधी नाकारलं कारण बायकांचे अंगठे होते. त्या लिहा-वाचायला शिकल्या, व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवला आणि १९९७ ला बँक उभी राहिली. आणि २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभरातली जेमतेम चौदा शेतीची खाती बायकांच्या नावावर होती. राबणाऱ्या चौदाच आहेत का?

शेवटी तुम्ही विचारलंत, तुमचं स्वतःचं नाव आहे का कुठल्या सातबाऱ्यावर. नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून, देशभर २००५ पासून मुलीचा हक्क आहे हे मला पाठ होतं, तरी वडील गेल्यावर मी हक्कसोडपत्रावर सही करून आले. भावानं जबरदस्ती केली नाही, कुणी काही बोललंपण नाही, माझीच हिंमत झाली नाही. माहेर तुटेल वाटलं. येताना त्यानं हॉटेलात जेवायला घातलं आणि साडी घेऊन दिली. त्यावर पोस्ट लिहायला दोनदा बसले, झाली नाही अजून.