घरमालकाचा पॅन

पुण्यात सिंहगड रोडला माझा स्वतःचा वन बीएचके आहे, आणि मी त्यात राहत नाही. नागपूरला बदली झाली म्हणून तो २२ हजारांनी भाड्याने दिला आणि स्वतः इथे काकांच्या माडीवर १४ हजार भरून राहतो. एकाच नाटकात सासू आणि सून दोन्ही मीच.

जानेवारीत ऑफिसने घरभाडे भत्त्याचे, म्हणजे एचआरएचे, पुरावे मागितले. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन लागतो. मी खाली गेलो. "पॅन कायले पाहिजे बाप्पा? बसा, चहा घ्या," काका म्हणाले. चहा घेतला, पण तत्त्व सोडलं नाही. उत्पन्न लपवण्याची वृत्ती आणि रस्त्यांवरचे खड्डे यांचा संबंध मी दहा मिनिटं उलगडून सांगितला. काकांनी कसनुसं तोंड करून पॅन लिहून दिला.

तीन दिवसांनी पुण्याहून भाडेकरूचा मेसेज आला. "सर, एचआरएसाठी तुमचा पॅन लागेल."

मी लिहिलं, "पॅन कशाला? नागपूरला आलात की चहाला या."

पोरगा आयटीतला. त्याने नुसता नियम पाठवला, मी काकांना ऐकवला होता तोच. खड्ड्यांचा विषय मात्र काढला नाही, एवढी त्याची सभ्यता.

जुलैत सीएकडे गेलो ते पिशवी घेऊन. गिझर, वॉशबेसिनचा नळ, बाथरूमची गळती, रंगकाम. प्लंबरने तर हिशेब एका लग्नपत्रिकेच्या मागे लिहून दिला होता, तोही जपून ठेवलेला. सीएने पिशवीत डोकावलंसुद्धा नाही. म्हणाला, "सरकार दुरुस्तीबिरुस्तीसाठी सरसकट ३० टक्के सोडतं. तुम्ही दहा रुपये खर्च करा नाहीतर दोन लाख." म्हणजे ज्याने वर्षभर खिळासुद्धा ठोकला नाही त्यालाही ३० टक्के, आणि मी लग्नपत्रिका सांभाळत बसलो होतो!

मग त्याने कागदावर मांडलं. भाडं २,६४,०००. त्यातून महापालिकेला भरलेला मिळकतकर ९,४०० वजा. उरले २,५४,६००. त्याचे ३० टक्के गेले, राहिले १,७८,२२०. हे पगारात मिळवायचे. मी २० टक्क्यांच्या टप्प्यात, वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३७ हजार आणि वर काही.

"सोसायटीचा मेंटेनन्स?"

"नाही धरत. त्या ३० टक्क्यांतच आला समजा."

"कर्जाचं व्याज?"

"ते वजा होतं. आहे का कर्ज?"

कर्ज दोन वर्षांपूर्वीच फेडलं होतं. तेव्हा घरी पेढे आणले होते. कर्ज फिटल्याचं दुःख माणसाला होऊ शकतं, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

बरं, घर भाड्याने दिलं म्हणून घाव घालणारं एकटं आयकर खातं नाही. पुण्यात स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात जी ४० टक्के सवलत असते ती भाडेकरू ठेवल्यावर जाते. सोसायटी वेगळं बिनभोगवटा शुल्क लावते. कायद्याने ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही, पण रकमेपेक्षा शब्द जास्त लागतो. बिनभोगवटा! घर आपलं, आणि भोग नाहीत म्हणून दंड. भोग नाहीत कसे? वॉशबेसिनच्या नळासाठी रात्री साडेअकराला फोन येतो तो कुणाला?

परत आलो तर काका जिन्याशीच उभे. "तुमच्या पॅननं घोळ केला राजेहो. आता मलेही दाखवा लागते भाडं. तो तुमचा सीए मायासाठी काही करीन का?"

हातात पिशवी होती, चांगली फुगलेली. सगळ्यात वर गिझरचं बिल दिसत होतं. आमच्याच बाथरूममधल्या. तो बसवून घ्यायला मी काकांच्या मागे दोन महिने लागलो होतो.

मी म्हटलं, "काका, आधी वर या. चहा घेऊ."