पांढरे सिमेंट ‘सौम्य’ नसते: फिश टँकमधील दगडांविषयीच्या एका मेसेजचा प्रतिवाद

नागपुरातल्या घरगुती ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. फिश टँकमध्ये दगडांचे डोंगर-कपारी उभारायच्या असतील तर फेव्हिक्विक वापरू नका, त्यात सायनाइड असते. त्याऐवजी पांढरे सिमेंट घ्या, ते सौम्य असते, तासाभरात सुकते, संध्याकाळी मासे सोडता येतात. दगड कोणताही चालतो, फक्त व्हिनेगर टाकून पाहा. बाथरूमचा उरलेला सिलिकॉनही चालतो. आणि एकदा चिकटवले की डोंगर पडत नाही, असे त्याचे सार आहे. माझ्या मावसभावाने तो मला पाठवला, सोबत हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या सिमेंटच्या पिशवीचा फोटो होता आणि खाली लिहिले होते, ‘दादा, रविवारी लावून टाकतो.’ एरवी मी अशा मेसेजांच्या वाटेला जात नाही, पण पिशवी घरात आल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

सर्वांत घातक दावा सिमेंटचा आहे, म्हणून आधी तोच घेतो. पांढऱ्या सिमेंटचा वेगळेपणा रंगापुरताच असतो. साध्या सिमेंटला करडा रंग येतो तो मुख्यतः लोहाच्या संयुगांमुळे. लोहाचे प्रमाण अगदी कमी असलेला कच्चा माल वापरला की तेच पोर्टलंड सिमेंट पांढरे दिसते. पाणी मिसळल्यावर दोन्हींत एकच प्रक्रिया घडते आणि दोन्हींतून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुना, तयार होतो. या चुन्याच्या संपृक्त द्रावणाचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा (7 म्हणजे उदासीन), 12.4 च्या आसपास असतो. पांढरे म्हणून सौम्य, हे तर्कट कोणाच्या डोक्यातून निघाले असेल ते असो, पण ज्या गवंड्याने एक दिवस उघड्या हातांनी पांढरे सिमेंट कालवले आहे, त्याच्या बोटांची सोललेली कातडी पाहिली असती तर ते निघाले नसते. शिवाय सिमेंट ‘सुकत’ नाही, ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते. तासाभरात ते बोटाला कडक लागू लागले, तरी आतली प्रक्रिया कित्येक आठवडे चालू राहते. बांधकामात सिमेंटची ताकद 28 दिवसांनी मोजतात ती याच कारणाने. त्या काळात टाकीच्या पाण्यात चुना उतरत राहतो.

‘थोडा चुना मासे सहन करतात’ अशीही एक ओळ त्या मेसेजमध्ये आहे, आणि खरी हानी तिथेच आहे. माशांच्या विष्ठेतून, श्वसनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. त्याची पाण्यात दोन रूपे असतात: अमोनियम हे तुलनेने निरुपद्रवी आणि मुक्त अमोनिया हा विषारी. कोणते रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात, आणि चुना पीएच चढवतो. 1975 मध्ये एमर्सन आणि सहकाऱ्यांनी कॅनडाच्या मत्स्यसंशोधन मंडळाच्या नियतकालिकात याचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, ते मत्स्यपालनात आजही प्रमाण मानले जाते. त्यानुसार 30 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना एकूण अमोनियाचा जेमतेम 0.8 टक्के भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तो साधारण 7.5 टक्के होतो आणि पीएच 9 ला 45 टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे खाद्य तेच, मासे तेच, फक्त पीएच दोन अंकांनी चढला आणि विष पन्नास पटींहून अधिक झाले. 30 अंश हा आकडा मी मुद्दाम घेतला, कारण नागपुरात मे महिन्यात कूलर लावलेल्या खोलीतसुद्धा टाकीचे पाणी सहसा त्याच्या खाली येत नाही. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जीवाणूही अजून वाढलेले नसतात, आणि अनेक जण आरओचे पाणी भरतात. त्यात पीएच आवरून धरणारे क्षार जवळजवळ नसल्याने तो झपाट्याने चढतो. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, घरातले ‘ऑक्सिजन कमी पडला’ म्हणून हवेचा पंप आणायला बर्डीच्या बाजारात धावतात, आणि पंप चालू असतानाच मासे मरतात.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. सिमेंटचे कृत्रिम खडक टाकीत वापरले जातात, विशेषतः समुद्री टाक्यांमध्ये. पण ते बनवणारे लोक तो खडक आठवडेच्या आठवडे बादलीत भिजवतात, पाणी पुन्हा पुन्हा बदलतात, आणि बादलीतल्या पाण्याचा पीएच नळाच्या पाण्याइतका स्थिर झाल्यावरच टाकीत ठेवतात. मेसेजमधल्या ‘संध्याकाळी मासे सोडा’शी याचा काही संबंध नाही.

आता सायनाइड. फेव्हिक्विकसारख्या गोंदात सायनोअ‍ॅक्रिलेट असते. त्यातला सायनो गट रेणूतील कार्बनला पक्का जोडलेला असतो. तो पाण्यात सुटून सायनाइड होत नाही. हवेतल्या किंवा दगडावरच्या ओलाव्याने हे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक प्लास्टिक तयार होते. याच कुळातला, थोडी वेगळी रचना असलेला गोंद जखमा बंद करण्यासाठी वापरायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1998 मध्ये मान्यता दिली, आणि प्रवाळांचे तुकडे दगडावर बसवायला जगभरचे हौशी लोक हाच गोंद वापरतात. ओला असताना त्याची वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते, एवढे त्या मेसेजच्या बाजूने म्हणता येईल. दुसरी खबरदारी कोणी सांगत नाही: फटीत कापूस कोंबून त्यावर हा गोंद ओतला की क्षणात धूर निघतो आणि बोट भाजते, कारण कापसावर तो फार वेगाने घट्ट होतो आणि उष्णता बाहेर पडते. फटीत त्याच दगडाचा चुरा भरावा, आणि गोंद थेंबाथेंबाने, खिडकी उघडी ठेवून, दगड चिमट्याने धरून सोडावा. रुंद फटीला एम-सीलसारखी इपॉक्सी पुटी बरी. दोन्ही भाग एकजीव रंगाचे होईपर्यंत मळावी आणि पूर्ण कडक झाल्यावरच पाणी भरावे.

व्हिनेगरचा सल्ला अर्धा खरा आहे. पीएच चढवणाऱ्या चुनखडीवर फेस येतो, पण डोलोमाइट या तशाच चुनायुक्त दगडावर सौम्य व्हिनेगर बहुधा शांतच राहते. नागपूरच्या पश्चिमेकडचा काळा बेसाल्ट पाण्याचा पीएच सहसा बदलत नाही. मात्र त्याच्या पोकळ्यांत कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचे, पांढरे खडे असू शकतात, तेव्हा थेंब काळ्या भागावर टाकून समाधान मानू नये, पांढऱ्या ठिपक्यावर टाकावा.

बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, त्यामुळे तो बादच; टाकीसाठी बुरशीनाशक नसलेला, शुद्ध सिलिकॉन मिळतो. राहिला न पडणारा डोंगर. सायनोअ‍ॅक्रिलेटचा जोड ठिसूळ असतो आणि पाण्यात वर्षांगणिक कमजोर होतो, त्यामुळे मोठा दगड गोंदाच्या भरवशावर लटकवायचा नसतो. आधी कोरड्या जमिनीवर रचून, तो गोंदाविना तीन ठिकाणी टेकून उभा राहतो का ते पाहावे, गोंद फक्त घसरणे थांबवण्यापुरता लावावा, आणि तळाचा दगड वाळूवर न ठेवता, वाळू घालण्याआधी काचेवर पातळ फोमचा तुकडा अंथरून त्यावर बसवावा.