सोय लागली, पण कोणाची?

आई गेल्यावर माझ्या बौद्धिक दिव्यांग दादाला निवासी संस्थेत ठेवले, त्याला आता सहा वर्षे झाली. "चला, त्याची सोय लागली," असे नातेवाईक म्हणाले आणि मलाही हायसे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. संस्था वाईट नाही. मात्र रात्रीचे जेवण साडेसहालाच उरकते, कारण स्वयंपाकाच्या मावशींची शेवटची एसटी सातची असते. घरी नऊच्या बातम्या पाहत जेवणाऱ्या बेचाळीस वर्षांच्या माणसाला याबद्दल कोणीच विचारले नाही.

संस्थेची सोय आणि माणसाचा हक्क यांतली ही ओढाताण जेवणाच्या वेळेपाशी थांबत नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील 'मतिमंद' (शब्द तेव्हाचा) मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली आणि कारण दिले गेले ते पाळीच्या दिवसांतील स्वच्छतेचे. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावरच हा प्रकार थांबला. गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, तो फक्त उघडकीस येत नाही, एवढे साधे कोणाला सुचले नसेल असे मला वाटत नाही. पुढे २००९ मध्ये, चंडीगडच्या शासकीय निवासगृहात अत्याचारातून गर्भवती राहिलेल्या अशाच एका तरुणीला मूल हवे असतानाही उच्च न्यायालयाने दिलेला गर्भपाताचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रोखला आणि तिच्या संमतीवाचून तसे करता येणार नाही, असे स्पष्ट केले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्याचे कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देते. परंतु अमुकच ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये आणि घरी मदतनीस मिळावा, यासाठी शासनाने केवळ 'प्रयत्न' करायचा आहे. माझी सगळी तक्रार या एका शब्दाशी आहे. दिवसातून चार तास विश्वासाचा मदतनीस मिळाला असता, तर दादा आज आमच्याच गल्लीत असता.

आईने पाटीवर गिरवून घेतल्यामुळे दादाला सही करता येते, पण प्रवेश अर्जावर त्याच्या सहीसाठी रकानाच नव्हता. यंदा नूतनीकरणाच्या वेळी मी माझ्या सहीखाली त्याला सही करायला लावली. पाच मिनिटे खपून त्याने नाव लिहिले आणि कार्यालयातील बाईंना विचारले, "जेवण आठला मिळेल का?" त्यांनी उत्तर दिले ते माझ्याकडे पाहून.