‘पडद्यावरची थेरपी खरी नव्हे’ म्हणणाऱ्यांना

पालकांच्या ग्रुपमधून एक मेसेज फिरतो आहे: मुलांची थेरपी व्हिडिओ कॉलवर नको. नातं जुळत नाही, देहबोली दिसत नाही, स्क्रीन टाइम वाढतो आणि अडीनडीला थेरपिस्टचे हात बांधलेले असतात.

नात्याचं आधी बोलू. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १९५९च्या सुमारास दोन्ही बाजूंना एकमेकांना बघता-ऐकता येईल अशा टीव्हीवरून ग्रुप थेरपी झाली होती, म्हणजे हे खूळ कोविडमधलं नाही. ओसीडी (नको ते विचार सतत येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करावी लागणं) असलेल्या मुलांना वेबकॅमवरून दिलेल्या सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या थेरपीची, चाचणी २०११मध्ये प्रसिद्ध झाली. उपचारांची वाट बघत असलेल्या मुलांपेक्षा त्यांची लक्षणं स्पष्टपणे कमी झाली. आणि ओसीडीत तर घरच कामाचं. जिथे मुलगी तासन्‌तास हात धुते, त्याच बेसिनपाशी फोन ठेवलेला असतो. थेरपिस्ट विचारते, “आत्ता नळ उघडायचा नाही. अस्वस्थता दहापैकी किती?” नऊ. दोघी थांबतात. सात. पाच. क्लिनिकमध्ये ते बेसिन कुठून आणणार?

देहबोलीचा मुद्दा निम्मा खरा आहे. टेबलाखाली हलणारा पाय दिसत नाही. गप्प बसलेला मुलगा रडू आवरतोय की नेट अडकलंय, हे कळत नाही. म्हणून विचारावं लागतं. स्वतःच्या दिसण्यावरून खचलेली मुलगी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्याच चेहऱ्याकडे बघत बसते. ती चौकट पहिल्याच सेशनला बंद करून द्यावी.

स्क्रीन टाइमचा मुद्दा मला पटतच नाही. रील्स आणि आठवड्यातला एक पाऊण तास एका मापात मोजू नयेत.

अडीनडीची काळजी मात्र रास्त आहे. दर सेशनच्या सुरुवातीला ‘आत्ता कुठे आहेस’ हे विचारायचं, जवळच्या मोठ्या माणसाचा नंबर हाताशी ठेवायचा. आत्महत्येचा बेत ठरलेला असेल, जेवण सोडल्याने वजन-नाडी तपासावी लागत असेल, किंवा घरातच मारहाण होत असेल, तर प्रत्यक्ष भेटच हवी.

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच. ती दाराबाहेर उभी असते. आईला ऐकू जाईल या धास्तीने मुलं “सगळं ठीक आहे” म्हणतात. हेडफोन लावला की निदान प्रश्न बाहेर जात नाहीत; उत्तर हो-नाहीत किंवा चॅटमध्ये टाइप करून देता येतं. कुणी आत आलं तर विषय बदलायचा, यासाठी एक शब्द आधीच ठरवून ठेवता येतो. पालकहो, तेवढा पाऊण तास दारापासून लांब राहा, आणि नंतर “काय बोललास?” विचारू नका.