मनी प्लांट उपटण्याआधी कुंपणावरची गुंज बघा

‘घरातलं हे झाड तोंडात गेलं तर लहान मूल एका मिनिटात आणि मोठा माणूस पंधरा मिनिटांत दगावतो, त्याला लागलेला हात डोळ्याला लावला तर दृष्टी जाते.’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. तो मुळात डिफेनबेकिया या रुंद, ठिपकेदार पानांच्या शोभेच्या झाडाबद्दल आहे, पण तो वाचून लोक मनी प्लांटच्या वेलीही उपटून टाकतात. रांगतं मूल असलेल्या घरात काळजी हवीच. या संदेशानं मात्र ती भलत्याच झाडावर लावली आहे.

आधी ते ‘एका मिनिटात’. हे खोटं आहे. मनी प्लांट, डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळूच्या कुळातली. पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चा सुरण घशाला खाजतो तो यांच्याचमुळे. पान चावताच तोंडाची आग होते, लाळ गळते, ओठ सुजतात, म्हणून मूल दुसऱ्यांदा सहसा चावत नाही. तोंडातला चोथा ओल्या फडक्यानं काढा, गार पाणी किंवा दूध पाजा, उलटी करवू नका. क्वचित सूज घशापर्यंत पोचते. गिळता येईना, श्वास अडखळला, तर तडक दवाखाना गाठा.

डोळ्यांचं म्हणाल तर चीक गेल्यावर भयंकर झोंबतं. पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवाच. पण दृष्टी कायमची जाते हे खरं नाही. बहुतेकांचा डोळा बरा होतो.

कुत्र्या-मांजरांनाही मनी प्लांटनं लाळ, उलट्या एवढाच त्रास सहसा होतो. मांजराच्या घरात खरी भीती फुलदाणीतल्या लिलीची: अंगाला लागलेले पराग चाटले तरी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

आता या संदेशाखाली कुणीतरी जोडतं ते वाक्य: ‘विदेशी झाडं काढा, देशी वेली लावा, त्या निर्धोक.’ हे मात्र जिवावर बेतू शकतं.

गुंज आपलीच. लालभडक, डोक्यावर काळा ठिपका, मुलांच्या हाताला आपसूक लागणारी. आत अॅब्रिन हे अतिशय जहाल विष. अख्खी बी गिळली तर टणक सालीमुळे ती बहुतेकदा तशीच शौचावाटे पडते. चावून फोडलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली बी घातक ठरते. गुंजांच्या जुन्या माळा, वाक्या घरात असतील तर आजच कपाटात वर ठेवा.

कळलावीही आपलीच. पावसाळ्यात या वेलीची ज्वाळांसारखी फुलं कोकणातल्या कुंपणांवर पेटलेली दिसतात. तिच्यात कोल्चिसिन हे विष असतं, कंदात तर भरपूर. श्रीलंकेत रताळ्यासारखा कंद समजून तो खाल्लेली माणसं दगावली आहेत.

या दोन्हींचा घात असा की तोंडाची आग नाही, लगेच रडणं नाही. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात आणि तोवर घरच्यांना वाटतं, ‘काही झालं नाही’. म्हणून मुलानं गुंज चावली किंवा कळलावी खाल्ली असा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघू नका. वेलीचा तुकडा पिशवीत घ्या, 108 ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र 1800 116 117 या क्रमांकावर सल्ला देतं. हा नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा.