पाच हजारांसाठी कोण पोर काढतं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा तोच मेसेज फिरला: 'मूल झालं की सरकार पैसे देतं, म्हणून गरिबांकडे पोरांची रांग लागते. पैसा जातो दारूत. टॅक्स मात्र आपण भरायचा.'

आधी रांगेचं बघू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये मिळतात, तेही दोन हप्त्यांत. गरोदरपणात नोंदणी आणि तपासणी झाली की ३,०००, बाळाची जन्मनोंद होऊन सुरुवातीच्या लसी टोचल्या की २,०००. दुसऱ्या खेपेला ६,०००, पण मुलगी झाली तरच. तिसऱ्याला भोपळा. राज्याची 'लेक लाडकी' योजना मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० देते, पण पुढच्या हप्त्यांसाठी आईवडिलांपैकी एकाच्या कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचा दाखला मागते! महाराष्ट्रात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बाईमागे सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ मध्ये १.७. योजना वाढत गेल्या आणि रांग आखडत गेली.

आता त्या ५,००० ची किंमत. आमच्या इमारतीचे जिने झाडणारी बाई बाळंतपणानंतर सव्वा महिना घरी बसली. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर, म्हणजे ३१२ रुपये रोज धरला, तरी जवळपास १२,००० बुडाले. सरकारचे पैसे सोळा दिवसांना पुरतात. (२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात बाळंतपणासाठी किमान ६,००० लिहिलेत, आणि 'पहिलंच मूल' अशी अट त्यात नाही.) नोकरदार बाईला कायद्याने २६ आठवडे पगारी रजा मिळते. ती रजेसाठी गरोदर राहिली असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

दारूचं म्हणाल तर मातृवंदनेचे पैसे आईच्याच खात्यात जमा होतात. शिवाय रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का, यावरचे निरनिराळ्या देशांतले अभ्यास जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये एकत्र तपासले. तसं काही दिसलं नाही.

राहिला टॅक्स. मोबाइलच्या रिचार्जवर जिने झाडणारी ती बाईही १८ टक्के जीएसटी भरते. आणि मी रिटर्न भरायचं काम करतो, म्हणून एक सांगतो. जुन्या कररचनेत दोन मुलांची शाळेची फी दीड लाखापर्यंत करपात्र उत्पन्नातून वजा होते. ती मर्यादा फीनेच भरली, तर ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये वर्षाला ४५,००० वाचतात, वर सेसचे थोडे. दरवर्षी. हीदेखील मुलांसाठीची सरकारी मदतच, फक्त हिच्यासाठी अंगणवाडीत खेपा घालाव्या लागत नाहीत. मेसेज पाठवणारे गृहस्थ मार्च आला की प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये फीच्या पावत्या घेऊन माझ्याकडे येतात. यंदा विचारत होते, धाकट्याच्या नर्सरीची फी बसते का?

बसते.