‘वय अधिक शंभर’ म्हणत मामांनी गोळी बंद केली

माझे मामा 68 वर्षांचे. गेल्या महिन्यात त्यांनी बीपीची गोळी परस्पर बंद केली, ना डॉक्टरांना विचारलं ना घरी सांगितलं. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. ‘वय अधिक शंभर’ एवढं बीपी नैसर्गिकच असतं, औषध कंपन्यांनी नॉर्मलचा आकडा मुद्दाम खाली आणला, घरची मशीन खोटं दाखवते आणि रोज मोजून ॲपमध्ये भरत बसल्यानेच बीपी वाढतं, असं त्यात लिहिलेलं. मी मोजलं तर वरचं 164. मामा उलट मलाच समजावायला लागले, “अगं, मला 168 पर्यंत चालतं.”

चालतं हे कुणी ठरवलं? वयाबरोबर रक्तवाहिन्या ताठर होतात आणि वरचं बीपी वाढतं, इथवर खरं आहे. पण वाढतं म्हणून ते शरीराला सोसतं असं नाही. मोतीबिंदूही वयानेच येतो, तो आपण डोळ्यात ठेवून देतो का?

2008 साली ‘हायवेट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ऐंशी आणि त्यापुढचे 3845 लोक होते. सरासरी वय साधारण 84, सुरुवातीचं सरासरी बीपी 173/91. मेसेजचं गणित लावलं तर 184 पर्यंत काही करायलाच नको. प्रत्यक्षात निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण 21 टक्क्यांनी कमी निघालं, हार्ट फेल्युअरचं 64 टक्क्यांनी. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. ऐंशी पार केलेल्यांना गोळीने फायदा होतो आणि अडुसष्टच्या माणसाला तुम्ही ती सोडायला सांगता? अर्धांगाचा झटका आला तर हा मेसेज पुढे ढकलणारे येणार आहेत का उचलायला?

कंपन्यांचा मुद्दा. 2017 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मर्यादा 130/80 वर आणली आणि रातोरात कितीतरी लोक ‘पेशंट’ झाले, हे मान्य. त्यावर वाद घालायला जागा आहे. पण आपल्या सरकारी दवाखान्यांत अजून 140/90 हीच रेघ आहे, आणि 164 कुठल्याही रेघेच्या वरच आहे.

मशीनचं म्हणाल, तर मामा बोलत बोलत, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून, हात खाली सोडून मोजायचे. नुसता हात लोंबता ठेवला तरी वरचा आकडा सहा-सात अंकांनी जास्त येतो. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड हृदयाच्या पातळीवर आणा, गप्प राहून मोजा, आणि मगच मशीनला खोटं म्हणा. हां, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं ॲप मात्र खरंच खोटं दाखवू शकतं. 2016 च्या एका अभ्यासात अशा एका ॲपने बीपी जास्त असलेल्या दर पाचांतल्या जवळपास चौघांना ‘जास्त नाही’ सांगितलं होतं. दंडाला पट्टा हवाच.

राहिलं रोजचं मोजणं. दिवसातून दहा वेळा मोजून जीव टांगणीला लावू नये, हे खरं. पण ब्रिटनमध्ये 622 जणांवर झालेली चाचणी 2021 मध्ये छापून आली. त्यातल्या साधारण निम्म्यांनी घरी मोजायचं, आकडे ऑनलाइन भरायचे, तिथेच सल्ला मिळायचा आणि गरजेप्रमाणे डॉक्टर औषध बदलायचे; बाकीच्यांवर नेहमीचे उपचार. वर्षभरात घरी मोजणाऱ्यांचं वरचं बीपी 152 वरून 138 वर आलं. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांचं 142 वर. फरक तीन-चार अंकांचाच, जादू नाही. पण मोजण्याने बीपी वाढत असतं, तर ते उतरलं कसं?

आता मामा सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असं सात दिवस मोजतात. पहिला दिवस सोडून सरासरी काढायची आणि डॉक्टरांना पाठवायची. दवाखान्यातली रेघ 140/90 असली तरी घरी मोजलेली सरासरी 135/85 च्या वर गेली तर ती जास्तच. पहिल्या आठवड्याची 158/92 आली. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. मेसेज टाकणारे काका 74 वर्षांचे आहेत. उद्या मशीन घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.